उपरण्याखालचा हात

आमच्या सांगलीच्या घरमालकांना मी कधी ओरडताना ऐकलं नाही. माझ्या तीन मुलांच्या संगतीत राहून ज्याचा आवाज चढला नाही, असा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. माझा स्वतःचा आवाज सकाळी बंब पेटवताना चढायचा तो मुलं झोपली की उतरायचा. शाळेत मुलींना गप्प करायला मला नुसतं बघावं लागे. घरी मात्र बघून, ओरडून, उलथनं दाखवून काही उपयोग नसे.

मालक हळदीचे दलाल होते. त्या काळी हळदीचा भाव उघड्यावर बोलून ठरत नसे. माल विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसत, हातात हात देत, वर उपरणं पडे, आणि त्याखाली बोटांनी घासाघीस चाले. कुठलं बोट दाबलं म्हणजे किती, हे त्या दोघांनाच कळायचं. बाकीच्यांना दोन माणसं मख्ख चेहऱ्याने एकमेकांचा हात धरून बसलेली दिसायची. एकदा का खालून हात मिळाला की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी तो मोडायचा नाही आणि खाली काय बोलणं झालं ते तिसऱ्याला सांगायचं नाही. ही रीत बाजारात सगळेच पाळत. आमच्या मालकांनी मात्र ती घरात आणून ठेवली होती.

देण्याघेण्याचं काहीही तोंडाने बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. भाजीवाली दारात आली आणि मालक घरी असले तर ती बिचारी आपले दोन्ही हात पदराखाली लपवायची. "मालक, मी येकच भाव सांगते, मला शिवू नगा," असं ती लांबूनच ओरडायची, आणि त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, हसून हसून पाटावरून घसरायच्या.

"त्वांडानं बोललं की मानूस हट्टाला पेटतो," मालक म्हणत. "हातानं बोललं की जरा सबुरीनं घेतो."

माझी मुलं हट्टाला पेटण्यात पटाईत होती. थोरला सात वर्षांचा, मधला पाचाचा, धाकटा तिसऱ्यात. त्यांचे वडील लढाईवर गेलेले, कुठे ते पत्रात कधी लिहिलेलं नसायचं. कऱ्हाडजवळ सासरी शेती होती, थोरले दीर सगळं बघत होते; पण मुलांनी शहराच्या शाळेत शिकावं अशी ह्यांची इच्छा, आणि सातवीची फायनल पास झालेली असल्यामुळे मला मुलींच्या शाळेत नोकरीही मिळालेली. तेव्हा मी तीन पोरं घेऊन सांगलीत बिऱ्हाड केलं. बिऱ्हाड केलं म्हणजे बिऱ्हाडं केली, कारण मालकांकडे यायच्या आधी आम्हाला दोन घरं सोडावी लागली होती. पहिल्या घरी मालकीणबाईंनी गच्चीत वाळत घातलेल्या पापडांवरून तिघंही एका ओळीत चालत गेले. का, असं विचारलं तर थोरला म्हणाला, "आवाज छान येत होता." दुसऱ्या घरी मालकांचा चष्मा आडात गेला आणि पाठोपाठ पानाचा डबाही गेला, कारण मधल्याला आधी काय बुडतं ते बघायचं होतं.

म्हणून तिसऱ्या दारात उभी राहिले तेव्हा मी काही लपवलं नाही. पुन्हा सामान बांधायची ताकद माझ्यात उरलेली नव्हती.

"तीन मुलगे आहेत," मी म्हटलं.

"दंगा करत्यात?"

"फार."

"मग झ्याक झालं," मालक म्हणाले. "घरात उंदरं ऱ्हायची न्हाईत."

मला वाटलं, थट्टा करताहेत. ती थट्टा नव्हती. महिन्याभरात उंदीर खरोखरच दिसेनासे झाले.

आमचं बिऱ्हाड माडीवर, मालक खाली; सकाळी मी शाळेत जाई तेव्हा मुलं खालीच असत. कुणी सांभाळतो म्हणालं नव्हतं, मी सांभाळा म्हणाले नव्हते; ती आपली खाली घरंगळायची. घरी येताच तक्रारींचं गाठोडं सुटेल म्हणून मी जीव मुठीत धरून यायची, तर ओट्यावर न्यायालय भरलेलं असायचं. मालक मध्ये, खांद्यावरचं उपरणं मांडीवर घेतलेलं, आणि फिर्यादी समोर.

"मामा, ह्यानं मला चावलं!"

मालक एक शब्द बोलायचे नाहीत. उपरण्याखालून हात पुढे. चावा खाल्लेल्याने हात घालायचा आणि चावणाऱ्याला किती धपाटे द्यायचे ते बोटांनी सांगायचं. मग मालक उलट बोटं दाबून कमी करायला लावायचे. फिर्यादी वाढवायचा, मालक उतरवायचे. दोघांचेही चेहरे मख्ख. मधल्याला तर यातली अशी गोडी लागली की तो भांडण नसलं तरी हात घेऊन यायचा. थोरला लवकर कंटाळून एका धपाट्यावर तडजोड करी. धाकट्याला बोटांचा हिशेब कळत नसे; तो आपला अख्खा पंजा दाबून धरी आणि काही केल्या सोडत नसे. शेवटी घासाघीस इतकी लांबायची की कुणी कुणाला चावलं हेच विसरून जायचं, आणि चावणारा तोवर वहिनींच्या मागे स्वयंपाकघरात लाडू खात असायचा.

मालकांनी मुलांना "करू नका" म्हटलेलं मला आठवत नाही. ते काम काढून द्यायचे. हळदीची रिकामी पोती परसात टांगायची, तिघांच्या हातात वेताच्या छड्या द्यायच्या आणि म्हणायचं, "झाडा." मुलं पोत्यांवर तुटून पडत. तासाभराने वर येत तेव्हा केस, पापण्या, कानांच्या पाळ्या, सगळं पिवळंधमक. माझ्या शाळेतल्या बाईंनी एकदा रस्त्यात तिघांना पाहिलं आणि मला विचारलं, "घरात कुणाचं लग्न आहे का हो?" मी म्हटलं, "रोजच असतं." त्यांच्या अंगावरची हळद माझ्या शाळेत नेसायच्या लुगड्याला लागायची आणि ती काही निघायची नाही. मी चिडून खाली सांगायला जायची, तर वहिनी म्हणायच्या, "आवं बाई, सवाष्णीच्या अंगावर हळद लागली तर रागवायचं आसतं व्हय?" लढाईवर नवरा असलेल्या बाईला ते शब्द फार बरे वाटत.

दुपारी मालक उंबऱ्यात आडवे पडत. उंबऱ्यातच का, तर मुलं रस्त्यावर पळू नयेत म्हणून. शिवाय धोतराचा सोगा धाकट्याच्या कमरेला बांधून ठेवत. धाकटा हलला की त्यांना जाग यायची. एका दुपारी थोरल्याने आणि मधल्याने मिळून ती गाठ सोडली आणि शेजाऱ्यांचं रेडकू दारातून चाललं होतं त्याच्या गळ्यात बांधली. रेडकू आपल्या आईकडे निघालं, धोतर त्याच्यामागून निघालं. मी वरून पाहिलं आणि डोळेच मिटून घेतले. आता हेही घर गेलं! पुन्हा भांडी पोत्यात, पुन्हा कुणाच्या तरी दारात तोंड वेंगाडणं. डोळे उघडले तर मालक कमरेला पोतं गुंडाळून शांतपणे रेडकाच्या मागून चालले होते. परत आल्यावर त्यांनी गाठीकडे नीट निरखून पाहिलं.

"गाठ कुनी मारली?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"चांगली मारलीया. सुटत न्हवती," असं म्हणून ते पुन्हा उंबऱ्यात आडवे झाले.

वहिनी जतकडच्या. त्यांच्या बोलण्यात मधूनच कानडी यायचं. "बारो मगा, बारो," म्हणजे ये रे बाळा, अशी हाक त्या मारायच्या, आणि हाक कुणालाही असली तरी धावत जायचा मधलाच. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. पण बायकांना अशा गोष्टी न बोलता कळतात. मधला त्यांच्या पानात जेवायचा. मालक बाजारात जाताना त्याला खांद्यावर घेऊन जात, गादीवर शेजारी बसवत, आणि बाजारातले लोक त्याला "धाकलं दलाल" म्हणायला लागले होते. मला आधी याची गंमत वाटे. मीसुद्धा दिवसातून एकदा तरी कातावून म्हणायची, "वहिनी, ह्यातलं एखादं ठेवूनच घ्या बाई तुम्हाला!" कुठली आई असं म्हणत नाही?

ही गंमत दिवाळीत संपली. आम्ही गावी गेलो होतो. ओसरीवर चार माणसांत थोरले दीर म्हणाले, "धाकल्या भावाचं मधलं पोरगं सांगलीच्या त्या हळदवाल्या पावन्यांच्या पदरात घालावं म्हंतो. त्येंच्या घरात वारस न्हाई. आपल्यातलंच घरानं हाय. तीन पोरं हायत, एकाचं तरी सोनं हुईल."

मी दाराआड उभी होते. आमच्यात थोरल्या दिरांसमोर यायचं नाही, बोलायचं तर त्याहून नाही. वर्गात मुलींना घडाघडा इतिहास शिकवणारी मी, पदर नाकापर्यंत ओढून भिंतीला टेकून उभी राहिले. दीर वाईट नव्हते, हे मला आजही सांगावंसं वाटतं. भाऊ लढाईत, परत येईल न येईल, तीन लेकरं, ही बाई एकटी. त्यांनी आपल्या परीने विचार केला होता. "धाकल्याला मी पत्रानं कळवतो. माझ्या शब्दाभाईर न्हाई त्यो," असंही ते म्हणाले. तेही खरंच होतं, आणि म्हणूनच मला रात्रंदिवस घोर लागला.

सांगलीला परत आल्यावर मी मधल्याला खाली जायला मनाई केली. ती मनाई जेमतेम दुसऱ्या सकाळपर्यंत टिकली. त्याला बांधून ठेवणार कशी? मी शाळेत गेले की तो खाली. वहिनींना विचारावं, मालकांना विचारावं, असं शंभरदा मनात आलं. पण काय विचारणार? माझं मूल तुम्हाला हवं आहे का, असं? आणि "हो" म्हणाले तर? ज्यांनी आम्हाला छप्पर दिलं, माझी पोरं सोसली, त्यांना तोंडावर नाही म्हणायचं? एके दिवशी वहिनी जरीच्या काठाची छोटी टोपी शिवत बसलेल्या दिसल्या. मला बघून त्यांनी ती मांडीखाली सारली. टोपी मधल्याच्या डोक्याच्या मापाची होती.

आणि वैशाखात एका सकाळी मी शाळेतून आले, तर ओट्यावर थोरले दीर बसलेले. समोर मालक. दोघांच्या हातांवर उपरणं. दिरांच्या मांडीवर मधला, डोक्यावर ती जरीकाठी टोपी.

उपरण्याखाली हात मिळाला की काय होतं ते मला माहीत होतं. मी मागच्या दाराने आत शिरले, पदर ओढला आणि मधल्या दाराच्या फटीशी उभी राहिले. वहिनी चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बाहेर शब्द नव्हता. दिरांच्या कपाळावर घाम आला होता. मालकांचा चेहरा नेहमीसारखा मख्ख. दीर काय मागत होते, मालक काय देत होते, कोण कुठलं बोट दाबत होतं, देव जाणे. माझ्या पोटच्या पोराचा सौदा माझ्यासमोर चालला होता आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. बाहेर जावं, उपरणं ओढून काढावं, असं वाटे. पण उंबरा ओलांडवत नव्हता. नवऱ्याच्या मागे त्याच्या घराचा मान मी घालवला असं व्हायला नको, ही एक भीती. आणि मान राखता राखता पोर जाईल, ही दुसरी.

तेवढ्यात धाकटा परसातून पिवळा होऊन आला. उपरणं पसरलेलं दिसलं की हात घालायचा, एवढंच त्याला ठाऊक. तो दोघांच्या मध्ये घुसला आणि आपला पंजा खाली कोंबला.

"ह्यो कुनाचा हात?" दीर दचकून म्हणाले. त्या सकाळचा तो पहिला शब्द.

उपरण्याखाली धाकट्याने नेहमीप्रमाणे अख्खा पंजा दाबून धरला असणार. मग मी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा हललेला पाहिला. त्यांनी सावकाश आपला हात काढून घेतला, उपरणं झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

"पावनं, वाईच थांबा," म्हणत ते उठले आणि आत आले. दाराआडच्या मला त्यांनी पाहिलं, पण बोलले ते वहिनींशी. "पाट मांड. निरांजन लाव."

वहिनी हातातली काटवट तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. दोघं नवराबायको एकमेकांकडे बघत होती आणि मी मध्ये उभी होते. वहिनींच्या डोळ्यांत पाणी भरलं. त्या म्हणाल्या, "नक्की?" मालकांनी मान हलवली. मग वहिनी उठल्या, हात धुतले, देवळीतून निरांजन काढलं आणि तेल घातलं. ताटात कुंकू, अक्षता आणि सुपारी ठेवली. वात पेटवताना काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा लागली.

"बाई," मालक मला म्हणाले, "भाईर या. मला ववाळा."

मला काही कळेना. पण त्या माणसाच्या आवाजात असं काही होतं की मी दिरांसमोर गेले. पदर पुढे, मान खाली, हातात ताट. मालक ओट्यावर पाट टाकून त्यावर पूर्वेला तोंड करून बसले, डोक्यावर उपरणं घेतलं.

"अवं, ह्ये काय?" दीर म्हणाले. "आज कसली भाऊबीज? वैशाख चाललाय!"

"आमची ऱ्हायली हुती," मालक म्हणाले.

मी कुंकू लावलं. टिळा भुवईपर्यंत ओघळला. अक्षता लावल्या, ओवाळलं. तिन्ही पोरं दंगा विसरून बघत होती.

ओवाळून झाल्यावर मालक दिरांकडे वळले. त्यांचं बोलणं मऊ होतं, एखाद्याला मान देऊन बोलावं तसं. "पावनं, तुमी मोठ्या मनानं आलासा. पर आमच्या घरान्यात भाचा दत्तक घेत न्हाईत. न्हाई चालत."

दीर ताडकन म्हणाले, "मग ह्ये आदी सांगायचं!"

"आदी भाऊ न्हवतो," मालक म्हणाले. "आत्ता झालो."

थोरल्या दिरांनी मिशीवरून दोनदा हात फिरवला. शेवटी त्यांनी मांडीवरच्या मधल्याला खाली ठेवलं आणि म्हणाले, "बरं. मग जेवाय तरी घाला. लांबनं आलुया." माझ्या जिवात जीव आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता, कारण ताट अजून हातातच होतं.

त्या दिवशी उपरण्याखाली काय बोलणं झालं, दिरांनी काय मागितलं आणि मालकांच्या बोटांनी आधी होकार दिला होता की नाही, हे मी पुढे कितीदा तरी विचारलं. लढाई संपून हे सुखरूप घरी आले, त्यांनीही विचारलं. मालक नुसते हसत. खालचं बोलणं वर सांगायचं नसतं, हा नेम त्यांनी माझ्यासाठीसुद्धा मोडला नाही. वहिनींनी मात्र एकदा, गहू निवडता निवडता, खाली मान घालून सांगितलं की दत्तविधानाला भटजी कुठले बोलवायचे इथपर्यंत मालकांचं आणि त्यांचं ठरलं होतं.

पण हे पुढचं. त्या सकाळी मी ताट घेऊन उभी होते आणि मालक पाटावरून उठायला तयार नव्हते. "ववाळनी ऱ्हायली की," म्हणत त्यांनी कोपरीचा खिसा चाचपला. मी म्हटलं, "नको हो, नको." त्यांनी ऐकलं नाही. इकडेतिकडे पाहिलं. मग मधल्याला जवळ ओढलं, त्याची टोपी नीट केली, त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि त्याला माझ्या पुढ्यात उभं केलं.

"ही घ्या," ते म्हणाले. "आनि भिऊ नगा. ववाळनी माघारी मागत न्हाईत."